आधी कोरी

भाचेजावयाने बाटली काढली
बॅगेतल्या जाड मोज्यातून.
"मामा, साधीच आहे. तिकडे वीस-बावीस डॉलरला मिळते,"
म्हणाला, आणि नखाने किमतीचा कागद खरवडत राहिला.

राहू दे, मी म्हटलं.
एकतीस वर्षं बोदवडच्या जिनिंगात ग्रेडर होतो.
भाव आधी कळला की बोटं खोटं बोलायला लागतात.

भुसावळ, मे, रात्रीचे साडेनऊ.
गच्चीची फरशी अजून अनवाणी पाय ठेवू देत नाही.
यार्डात मालगाडी डबे जुळवते आहे,
आणि मेल्विन परेरा, रिटायर गार्ड, जिना चढून आलाय,
काखेत लसणाच्या शेवेचा पुडा, हातात थर्मास.

"बर्फ?"
आधी कोरी.
"भो, सेहेचाळीस डिग्री होतं दुपारी."
बाटलीत चाळीसच लिहिलंय.
म्हणजे बाटलीच गार म्हणायची.

चहाचे काचेचे पेले. ट्यूबलाइटपुढे धरून रंग बघितला:
केळीच्या घडाचा चीक वाळून
सदऱ्यावर जो डाग राहतो
आणि कुठल्याच साबणाला ऐकत नाही, तो.

वास.
आधी नुसतं स्पिरिट, सुई टोचण्याआधी दंडावर चोळतात तसलं.
थांबलो.
कापूससुद्धा पहिल्या मुठीत थापा मारतो,
वरचा थर नेहमीच निवडून रचलेला असतो,
हात कोपरापर्यंत घालावा लागतो.

खाली मका होता.
चक्कीतून गरम पडणारं मक्याचं पीठ,
मग लग्नातलं कपातलं आइस्क्रीम,
लाकडी चमच्यासकट.

जावई सांगतो, ओकचं पिंप आतून जाळून घेतात,
आणि बर्बनला ते एकदाच चालतं.
"मग?"
मग दुसऱ्या दारूवाल्यांना विकतात.
परेरा म्हणाला, "म्हणजे अठ्ठावन्नला घरी नाही बसवत."

जीभ.
गूळ, पण काकवीवरच थांबलेला.
मध्ये पातळ.
आखूड धाग्याचा पेळू ओढावा
आणि चिमटीतच सुटावा, तशी.
वयाने कमी. घाईने भरलेली.
हे सगळं मी मोठ्याने म्हणालो,
जावयाने मान खाली घातली,
जणू पिंप त्यानेच जाळलं होतं.

मालकाची एक खूण असायची.
खिशातलं पेन काढून परत खोचलं
की एक ग्रेड खाली.
समोरचा माणूस माझ्या चिमटीकडे बघत असायचा,
मी पेनाकडे.
जावयाला हे माहीत नाही.
परेराला माहीत आहे, तो शेव मोजल्यासारखी खात होता.

आणि मग, गिळून झाल्यावर,
नावं ठेवून मोकळा झालो असताना,
घशाच्या अगदी तळाशी
धूर.
वाळल्या पऱ्हाट्यांचा.
भरिताच्या वांग्याची साल तडकते
आणि आत शिरतो, तोच.

थांबा, मी म्हटलं. बोलू नका.

"मला तर ब्रेक लागल्यावरचा वास येतो," परेरा.
"बाटलीवर चेरी लिहिलीय," जावई.
चेरी आम्ही तिघांनी शोधली,
दुसऱ्या पेल्यातही शोधली.

नवव्या प्लॅटफॉर्मच्या अंगाला कुणीतरी शिट्टी दिली.
सवयीने परेराचा हात वर गेला,
दिवा दाखवल्यासारखा,
मग टाळूवरचा घाम पुसून खाली आला.

"मामा, कशी आहे मग? खरं सांगा."

धागा आखूड. कचरा नाही. भेसळ नाही.
शेवटी धूर, अपेक्षेपेक्षा बरा.
जी आहे त्याच ग्रेडची आहे,
एक घरही खाली नाही.

हे बोलताना मी समोर बघत होतो,
त्याच्या शर्टाच्या खिशाकडे.
रिकामा होता.

परेराने थर्मास उघडला.
बर्फाचं केव्हाच पाणी झालेलं,
तापीचं, नळाचं, औषध मारलेलं.
तेच घातलं, बोटभर.
मका जरा पुढे आला.